बी-पेशींचा लगाम

वाराणसीच्या बालाजी घाटावर पहाटे स्नानाला येणारा भाविक प्रथम ओंजळीत पाणी घेतो, आचमन करतो आणि मग पायऱ्या उतरू लागतो. पेशवाईच्या काळाशी ज्याचे नाव जोडले जाते अशा या घाटावर हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. आचमनाच्या त्या घोटाबरोबर नदीच्या पाण्यातील जीवाणू, पानाफुलांचे कुजके कण आणि इतर सजीवांच्या शरीरातून सुटलेली प्रथिने त्याच्या पोटात जातात. स्नानाच्या पाण्यासाठी भारतात जी मर्यादा ठरविण्यात आली आहे, तीनुसार दर १०० मिलिलिटर पाण्यात मलजन्य जीवाणूंची संख्या २५०० पेक्षा अधिक असू नये. काशीच्या घाटांजवळ ही मर्यादा वारंवार ओलांडली गेली आहे. परंतु मर्यादेत बसणारे पाणी घेतले, तरी दहा मिलिलिटरच्या एका घोटात असे अडीचशे जीवाणू असू शकतात. दूषित पाण्याने माणसे आजारी पडतात, हे सर्वश्रुत आहे. येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न मात्र त्याच्या उलट बाजूचा आहे. ज्या पेशी अशा लक्षावधी परक्या आकारांना ओळखून त्यांच्यावर तुटून पडू शकतात, त्या बहुतेक वेळ गप्प कशा राहतात? आणि त्यांना गप्प कोण ठेवते?

या पेशींना बी-पेशी म्हणतात. नावाचा उगम कोंबडीत आहे. पक्ष्यांच्या शेपटीजवळ फॅब्रिशियसची पिशवी नावाचा एक छोटा अवयव असतो. ती पिशवी लहानपणीच काढून टाकलेल्या कोंबड्यांना प्रतिपिंडे तयार करता येत नाहीत, असे ब्रूस ग्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केले. पुढे १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी प्रतिरक्षेच्या दोन स्वतंत्र शाखा दाखवून दिल्या आणि पिशवीच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर या पेशींना चिकटले. माणसाला ती पिशवी नाही. त्याच्या बी-पेशी अस्थिमज्जेत जन्मतात. योगायोगाने अस्थिमज्जेच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरही तेच असल्यामुळे कोणाला नाव बदलावे लागले नाही.

प्रत्येक बी-पेशीच्या पृष्ठभागावर सुमारे एक लाख ग्राही असतात. ग्राही म्हणजे पेशीच्या पटलात रोवलेले, बाहेरच्या रेणूला पकडणारे प्रथिन. एका पेशीवरील सर्व ग्राही एकाच आकाराला जुळणारे असतात. शेजारच्या पेशीवरील ग्राही बहुधा दुसऱ्याच आकाराला जुळतात. हे आकार कोणी योजून ठरविलेले नसतात. पेशी तयार होताना जनुकांचे तुकडे जसे पडतील तसे जोडले जातात आणि त्यातून ग्राही बनतो. या सोडतीत असंख्य आकार हाती लागतात, हे खरे; परंतु सोडत आंधळी असल्यामुळे स्वतःच्याच शरीराला पकडणारे ग्राहीही तीतून निघतात. ते किती असावेत? माणसाच्या अस्थिमज्जेतील अगदी कोवळ्या बी-पेशींची एकेक करून तपासणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत ५५ ते ७५ टक्के पेशींचे प्रतिपिंड शरीराच्या स्वतःच्या घटकांना चिकटताना आढळले. यांपैकी पुष्कळशा पेशी वाटेतच मारल्या जातात किंवा त्यांचा ग्राही बदलला जातो. तरीही गाळणीतून काही निसटतातच, आणि त्या रक्तात, प्लीहेत व लसीका ग्रंथींत तुमच्या-आमच्या शरीरात या क्षणी फिरत आहेत.

शरीर स्वतःवर उलटणे निसर्गाला परवडणारे नाही, हे पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच ओळखले होते. निसर्ग ते कसे टाळतो हे कळण्यास मात्र पेशीच्या आत शिरावे लागले.

ग्राहीला बाहेरून प्रतिजन चिकटला, ही वार्ता आत जाते ती फॉस्फेटच्या भाषेत. ग्राहीच्या जोडीला असलेल्या प्रथिनांच्या शेपट्या पेशीच्या आत लोंबत असतात. त्यांवर टायरोसीन नावाच्या अमिनो अम्लाच्या ठराविक जागा असतात. लिन नावाचे विकर, म्हणजेच एंझाइम, त्या जागांवर फॉस्फेटचा एकेक गट बसविते. फॉस्फेट बसलेली जागा पाहून सिक नावाचे दुसरे विकर तेथे येऊन बिलगते आणि पुढच्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवू लागते. मग बीटीके हे तिसरे विकर कामाला लागते, पेशीतील कॅल्शियमची पातळी वाढते, केंद्रकातील जनुके जागी होतात. पेशी फुगते, दुभागते, आणि अखेर तिच्या वंशजांपैकी काही दर सेकंदाला हजारो प्रतिपिंडे ओतणारे कारखाने बनतात. फॉस्फेट बसविणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. फॉस्फेट बसविणे आणि काढणे या उलटसुलट क्रियेने प्रथिनांचे काम चालू-बंद होते, हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५० च्या दशकात स्नायूंतील एका विकरावर काम करताना दाखविले. त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक त्यांना १९९२ मध्ये मिळाले.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. स्वस्थ बी-पेशी म्हणजे विझलेला दिवा आणि प्रतिजन म्हणजे काडी, असे चित्र डोळ्यांसमोर येते. वस्तुस्थिती तशी नाही. पूर्ण वाढ झालेल्या बी-पेशींवरील ग्राही कृत्रिम रीतीने नाहीसा केला, तर त्या पेशी मरून जातात, असे जर्मनीतील कोलोन येथे उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून १९९७ साली निष्पन्न झाले. म्हणजे प्रतिजन नसतानाही ग्राहीतून एक मंद संदेश सतत वाहत असतो आणि त्यावरच पेशी जगते. बालाजी घाटावरील मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी तरुणपणी वर्षानुवर्षे सनईचा रियाझ केला. सनईत फुंक खंडून चालत नाही. ती सारखी वाहती ठेवावी लागते, आणि नळीवरील भोके झाकणारी बोटे तिला आवरून स्वर घडवितात. बी-पेशीतील मंद संदेश त्या फुंकेसारखा आहे. उपमा याहून पुढे ताणू नये, कारण सनईला एकच वादक असतो. पेशीत मात्र फुंकणारी विकरे वेगळी आणि आवरणारी वेगळी. ही दुसरी विकरे फॉस्फेट काढून टाकतात. त्यांना फॉस्फटेज म्हणतात.

आवरणारी विकरे नसली तर काय होते, याचे उत्तर एका दुर्दैवी उंदराने दिले. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथील उंदरांच्या एका कुळात १९६० च्या दशकात विचित्र पिल्ले जन्मू लागली. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या कातडीवर दाहाचे चट्टे उठत आणि केस ठिकठिकाणी झडत. कसर लागलेल्या लोकरी कापडासारखे त्यांचे अंग दिसे. म्हणून त्यांना ‘कसर लागलेला उंदीर’ असेच नाव पडले. पिल्लांची फुप्फुसे सुजत आणि बहुतेक तीन आठवड्यांच्या सुमारास मरत. लिओनार्ड शुल्ट्झ आणि मार्गारेट ग्रीन यांनी १९७० च्या दशकात या उंदरांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या रक्तात स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, आणि त्याच वेळी खऱ्या संसर्गाशी लढण्याची त्यांची ताकद मात्र खालावलेली होती. प्रतिरक्षा एकाच वेळी अतिरेकी आणि दुबळी कशी असू शकते, हे कोडे होते. बारीक पाहिले तर त्यात विसंगती नाही. जो सैनिक दिसेल त्यावर गोळी झाडतो, त्याच्याजवळ शत्रू येईपर्यंत दारूगोळा उरत नाही.

दोष कोणत्या जनुकात आहे, ते १९९३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी शोधून काढले. ते जनुक एसएचपी-१ या फॉस्फटेजचे होते. केवळ एक विकर, तेही काही जोडणारे नव्हे तर काढून टाकणारे, आणि त्याच्या अभावी सारे शरीर पेटत होते! अर्थात हे विकर रक्ताच्या अनेक प्रकारच्या पेशींत असते. उंदराच्या दुर्दशेतील बी-पेशींचा वाटा किती, हे त्यावरून ठरत नव्हते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फक्त बी-पेशींतून एसएचपी-१ काढून टाकण्यात आले. तेवढ्यानेही उंदरांना स्वतःच्या शरीराविरुद्धची प्रतिपिंडे आणि त्यातून होणारा आजार जडला.

या विकराची रचना पाहण्यासारखी आहे. त्याला फॉस्फेट कापणारे एक तोंड आणि फॉस्फेटयुक्त टायरोसीन पकडणारे दोन पंजे असतात. काम नसताना त्यांतला एक पंजा स्वतःच्याच तोंडावर ठेवलेला असतो. जेथे त्याने जावयाचे, तेथील फॉस्फेट पंज्यांनी पकडले की तोंड मोकळे होते. लगामालाही लगाम आहे, तो असा. कारण फॉस्फेट काढणारे विकर पेशीत मोकाट सुटले, तर ग्राहीचा मंद संदेशही पुसून जाईल आणि पेशी मरेल.

परंतु त्याने कोठे जावयाचे, हे कोण सांगते? या प्रश्नाच्या उत्तरात संशोधकांना बराच काळ चकविणारी एक गोष्ट दडलेली होती. लिन हे विकर संदेशाची ठिणगी पाडते, हे वर आलेच आहे. तेव्हा लिन नसलेल्या उंदरांच्या बी-पेशी थंड पडाव्यात, अशी अपेक्षा होती. १९९५ मध्ये असे उंदीर तयार झाले आणि घडले नेमके उलटे. त्यांच्या रक्तात स्वतःच्या डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे साठली, मूत्रपिंडे बिघडली. माणसातील लुपस या आजाराशी त्यांच्या आजाराचे साम्य होते. ठिणगी पाडण्याचे काम लिनच्या गैरहजेरीत तिचे नातेवाईक करू शकत होते. परंतु लिन त्याच वेळी सीडी-२२ नावाच्या दुसऱ्या पृष्ठ-प्रथिनाच्या शेपटीवरही फॉस्फेट बसविते, आणि ते फॉस्फेट म्हणजेच एसएचपी-१ साठी आमंत्रण असते. हे दुसरे काम तितक्या सहजासहजी करणारे कोणी नव्हते. अशा रीतीने जो हात दिवा लावतो तोच वात बारीक करणाऱ्यालाही बोलावून आणतो. काम सुरू होतानाच ते आवरण्याची व्यवस्था करणे, हा बी-पेशीचा रिवाज आहे.

सीडी-२२ पेशीबाहेर सियालिक अम्ल या शर्करेला चिकटते. माणसाच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठावरील साखळ्यांच्या टोकांशी ही शर्करा असते. बहुतेक जीवाणूंवर ती नसते. म्हणजे बी-पेशीला ‘समोरचा आपला आहे’ असे सांगणारी ही एक खूण आहे. मात्र खुणेवर ॲसिटिल गटाचे झाकण बसलेले असेल, तर सीडी-२२ ला ती पकडता येत नाही. ते झाकण काढणारे सियालिक अम्ल ॲसिटिलएस्टरेज नावाचे विकर आहे. भारतात वेल्लोरला वैद्यकाचे आणि कलकत्त्यास संशोधनाचे शिक्षण घेऊन पुढे बोस्टनमध्ये काम करणारे शिव पिल्लई यांच्या गटाने या विकराचा पाठपुरावा केला. हे विकर नसलेल्या उंदरांच्या बी-पेशींवरील लगाम ढिला होतो, असे त्यांनी २००९ मध्ये दाखविले. पुढच्याच वर्षी त्यांनी माणसांकडे मोर्चा वळविला. आत्मप्रतिरक्षेचे आजार असलेल्या ९२३ जणांपैकी २४ जणांत या विकराचे जनुक सदोष आढळले, तर ६४८ निरोगी व्यक्तींपैकी केवळ दोघांत. निष्कर्ष मोठा होता आणि त्याचे स्वागतही झाले. परंतु २०१२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी युरोपीय वंशाच्या सुमारे ६७ हजार व्यक्तींपर्यंत हाच शोध नेला, तेव्हा असा संबंध दिसून आला नाही. उंदरातील यंत्रणा त्यामुळे खोटी ठरत नाही. एखादी यंत्रणा खरी असणे आणि तिच्यातील बिघाड हेच रोग्यांच्या आजाराचे कारण असणे, या दोन गोष्टींतील अंतर मात्र या प्रसंगात स्वच्छ दिसते, आणि शास्त्रीय पुस्तकांत ते पुष्कळदा झाकले जाते.

दुसरा एक लगाम अधिक जुन्या निरीक्षणाशी जुळतो. अमेरिकन शास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ यांनी १९०९ मध्ये घटसर्पाचे विष आणि त्याचे प्रतिविष यांची मिश्रणे प्राण्यांना टोचली. प्रतिविष प्रमाणाबाहेर असले, तर प्राणी स्वतःची प्रतिकारशक्ती नीट मिळवीत नसे. तयार प्रतिपिंडे नवी प्रतिपिंडे रोखतात, असा त्याचा अर्थ होता. यामागील एक यंत्रणा १९९६ मध्ये जेफ्री रॅव्हेच यांच्या न्यूयॉर्कमधील गटाने उलगडली. रक्तात पुरेशी प्रतिपिंडे झाली, म्हणजे ती प्रतिजनाला आधीच चिकटलेली असतात. असे जोडपे बी-पेशीवर आले की प्रतिजन ग्राहीला पकडतो आणि प्रतिपिंडाची शेपटी शेजारच्या एका वेगळ्या ग्राहीला, ज्याला एफसी-ग्राही म्हणतात. हे दोघे एकत्र येताच शिप-१ नावाचे विकर तेथे बोलावले जाते. ते प्रथिनांना हात लावीत नाही. पेशीपटलाच्या आतल्या बाजूस एक मेदरेणू असतो, ज्यावर बीटीकेला बसण्यासाठी फॉस्फेटचे जणू आसन केलेले असते. शिप-१ त्यातील एक फॉस्फेट काढून घेते आणि बीटीकेचे आसन मोडते. पीटेन नावाचे आणखी एक विकर त्याच मेदरेणूचे दुसरे फॉस्फेट काढते. ‘माल पुरेसा झाला, कारखाना थांबवा’ हा निरोप येथे मालच घेऊन येतो.

या एफसी-ग्राहीच्या जनुकाचा एक दुबळा प्रकार माणसांत आहे. प्रथिनातील केवळ एक अमिनो अम्ल बदललेले असते आणि त्यामुळे ग्राही लगामाचे काम नीट करू शकत नाही. ज्यांना हा प्रकार आई व बाप या दोघांकडून मिळतो, त्यांना लुपसचा धोका अधिक असतो. अशा हानिकारक गोष्टीचा निसर्गाने निकाल लावावयास हवा होता. पण युरोपपेक्षा आफ्रिका व आशिया खंडांत हा प्रकार अधिक आढळतो. केनियातील मुलांच्या अभ्यासावरून २०१० मध्ये याचे कारण पुढे आले: हा दुबळा प्रकार तीव्र हिवतापापासून संरक्षण देतो. लगाम सैल असलेल्या मुलाची प्रतिरक्षा परजीवीवर अधिक जोराने तुटून पडते. हिवतापाच्या प्रदेशात ते मूल वाचते, आणि पुढे त्याच्या वंशातील एखाद्या तरुणीला लुपस जडतो. लगाम किती आवळलेला असावा याचे एकच योग्य माप नाही; ज्या भूमीत पिढ्या वाढल्या तेथील रोगांनी ते ठरविले आहे.

बी-पेशींचा अतिरेक कसा दिसतो, हे पाहावयास गंगेच्या खोऱ्यातील वैद्यांना प्रयोगशाळेतील उंदरांची गरज नव्हती. काळा-आजार या परजीवीजन्य रोगात असंख्य बी-पेशी एकदम चेतविल्या जातात. प्रतिपिंडांनी रक्तद्रव इतका दाट होतो की त्यात फॉर्मॅलिनचे थेंब टाकताच तो उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा गोठतो. कलकत्त्यात नेपिअर यांनी १९२० च्या दशकात याच गुणावर रोगनिदानाची सोपी कसोटी बसविली आणि ती दीर्घकाळ वापरात राहिली. एवढ्या प्रतिपिंडांचा रोग्याला उपयोग जवळजवळ शून्य, कारण परजीवी महाभक्षी पेशींच्या आत दडलेला असतो आणि प्रतिपिंड तेथे पोचत नाही. बालाजी घाटाच्या दक्षिणेस, प्रवाहाच्या वरच्या अंगाला काशी हिंदू विश्वविद्यालय आहे. तेथील श्याम सुंदर यांनी बिहारमधील रोग्यांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लिपोसोमयुक्त ॲम्फोटेरिसिनचा एकच डोस पुरेसा ठरला. परजीवी गेला, म्हणजे बी-पेशींवरील रेटाही ओसरू लागतो.

लगाम आणि टाच यांचा हिशेब आता औषधशास्त्रात आला आहे. बीटीके हे विकर ज्या मुलग्यांत जन्मतःच निकामी असते, त्यांच्यात बी-पेशी जवळजवळ नसतातच. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे सहाएक महिन्यांत संपली की कान, फुप्फुसे आणि सांधे यांचे संसर्ग सुरू होतात. अमेरिकेतील ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये अशा पहिल्या मुलाचे वर्णन केले. मुंबईत परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा जन्मजात प्रतिरक्षा-दोषांचे निदान केले जाते. या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे आयुष्यभर द्यावी लागतात. त्याच बीटीकेला मुद्दाम बंद करणारे इब्रुटिनिब हे औषध अमेरिकेत २०१३ पासून बी-पेशींच्या काही कर्करोगांवर वापरात आले. मुलांच्या बाबतीत जी उणीव, तीच कर्करोगाच्या रोग्यात डॉक्टर हाताने निर्माण करतात, आणि म्हणून संसर्गांवर डोळा ठेवून ते द्यावे लागते.

रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार याच्या अगदी उलट दिशेने सापडला. कोवळ्या बी-पेशींपासून होणाऱ्या या तीव्र कर्करोगात पेशी आपल्या कर्करोगकारक संदेशाच्या बळावर वाढतात. पण संदेश फार तीव्र झाला तर स्वतःवर उलटणाऱ्या कोवळ्या बी-पेशींप्रमाणेच त्या मरतात. म्हणून त्या शिप-१ आणि एसएचपी-१ यांचा मोठा साठा बाळगून असतात, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. शिप-१ बंद करणारा एक छोटा रेणू वापरताच रोग्यांच्या शरीरातून घेतलेल्या अशा पेशी अतिसंदेशाने मरू लागल्या. शरीराला स्वतःच्या पेशींपासून वाचविणारे विकर येथे कर्करोगाच्या पेशीला वाचवीत होते. असा रेणू औषध म्हणून द्यावयाचा, तर तो निरोगी बी-पेशींचाही लगाम सैल करील. तेव्हा तो किती दिवस द्यावा आणि केव्हा थांबवावा, हाच प्रश्न उपचारात सर्वांत अवघड ठरणारा आहे.